चेरीच्या अंगाला वास येतो, पण नेमका कुठून?

प्रश्न: आमची चेरी लॅब्राडॉर आहे. साडेअकरा वर्षांची, वजन ३६ किलो. पाच वर्षांची असताना पिशवी काढण्याचं ऑपरेशन झालंय. पावसाळा सुरू झाल्यापासून तिच्या अंगाला इतका वास येतो की हॉलमध्ये पाहुण्यांना बसवायची लाज वाटते. आठवड्यातून दोनदा आमच्याच शाम्पूने आंघोळ घालते, कडुनिंबाचं पाणी ओतते, नंतर थोडं खोबरेल चोळते. दोन दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच. कधीकधी सोफ्यावरून उठली की सुक्या बोंबलासारखा भपकारा येतो. झोपून उठल्यावर गादी ओली, असंही मधूनमधून होतं. पंजे चाटते, डोकं झटकते, जेवताना एकाच बाजूने चावते. सासूबाई म्हणतात, म्हातारपणी असंच व्हायचं, तिला गॅलरीत ठेव. आमचं दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे, लिफ्ट नाही. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. बोंबलाचा भपकारा, ओली गादी, पंजे चाटणं आणि डोकं झटकणं, एका बाजूने चावणं. ही चार वेगवेगळी दुखणी दिसतात आणि तुम्ही घालता तशा आंघोळीने त्यातलं एकही बरं होणार नाही. सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. वय झालं की हिरड्या खराब होतात, लघवी धरून ठेवणारा स्नायू सैल पडतो, सांधे दुखतात म्हणून मागचा भाग चाटून साफ करता येत नाही, कधी थायरॉइडचं काम मंदावतं. वास येतो तो यांचा. नुसत्या वयाला वास नसतो, आणि यातल्या बहुतेक गोष्टींवर इलाज आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे तीन दिवस आंघोळ बंद. विचित्र वाटेल, पण आत्ता आंघोळ घातली की वास कुठून येतो हेच कळेनासं होतं. चौथ्या दिवशी सकाळी कापसाचे आठ-नऊ बोळे घ्या आणि एकेक जागा वेगळ्या बोळ्याने पुसा: वरच्या मागच्या दातांची हिरडी, डावा कान, उजवा कान, पट्ट्याखालची मान, काख, पंजाच्या बोटांमधली फट, लघवीच्या जागेभोवतीची घडी, शेपटीखाली. कानात बोळा खोल घालायचा नाही, बाहेरून दिसतो तेवढाच भाग पुसायचा. प्रत्येक बोळा वेगळ्या छोट्या पिशवीत टाकून वर नाव लिहा. मग चेरीपासून लांब जाऊन एकेक पिशवी हुंगा, आणि जमलं तर घराबाहेरच्या कुणाला तरी हुंगायला लावा. घरातल्यांची नाकं सरावलेली असतात. पट्टा काढून तोही हुंगा. नायलॉनचा पट्टा पावसाळ्यात कित्येक आठवडे आतून ओलाच राहतो, आणि कुत्र्याच्या नावावर खपलेला वास पुष्कळदा त्याचाच असतो. तो आठवड्याला धुवा, घरात असताना काढूनच ठेवा.

वासाचा प्रकारही सांगून जातो. आंबलेल्या पिठासारखा, कुबट वास कानातून, काखेतून किंवा पंज्यांतून आला तर बहुधा यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. सुक्या मासळीचा आणि अधूनमधूनच येणारा वास शेपटीखालच्या ग्रंथींचा. तोंडाचा सडका वास हिरड्यांचा. तोंडाला लघवीसारखा, अमोनियाचा वास येत असेल तर आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास, सोबत उलट्या आणि मरगळ असेल, तर ती मधुमेहाची गंभीर अवस्था असू शकते. तिथे सकाळची वाट पाहू नये.

याच तीन दिवसांत तिचं पाणीही मोजून ठेवा. सकाळी मोजून तीन लिटर पाणी बाजूला काढा, दिवसभर त्यातूनच भांडं भरा, संपलं तर पुन्हा मोजून घ्या, आणि दुसऱ्या सकाळी किती उरलं ते वजा करा. निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी पितं, म्हणजे ३६ किलोला दोन लिटरच्या आसपास. कोरडं पॅकेटचं खाणं असेल तर जास्त, ताक-भात असेल तर कमी. किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे चेरीच्या बाबतीत साडेतीन लिटरच्या पुढे जात असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा कुशिंग (अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) यांपैकी काहीतरी तपासायलाच हवं. मग ओल्या गादीकडेही वेगळ्या नजरेने पाहावं लागेल. हा आकडा कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. ‘जरा जास्त पिते’ या वाक्यापेक्षा तो त्यांना फार उपयोगी पडतो.

आता कातडी. पावसाळी कुबट वासाचं मोठं कारण मॅलेसेझिया नावाचं यीस्ट. ते निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडं असतंच. ओलावा, उष्णता आणि तेलकटपणा मिळाला की ते फोफावतं. लॅब्राडॉरच्या वरच्या केसांखाली दाट लोकरीसारखा दुसरा थर असतो. वरून हात लावला तर कोरडं लागतं, आतला थर तासन् तास ओला राहतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा आंघोळ आणि वरून खोबरेल म्हणजे त्या यीस्टला ओल आणि जेवण दोन्ही आपल्याच हाताने मिळालं. खोबरेल आजच बंद करा. कडुनिंबाचं पाणी अपाय करणार नाही, पण एवढ्या वाढलेल्या यीस्टला ते पुरत नाही. माणसांचा शाम्पूही नको. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची बरीचशी उदासीन. आपल्या शाम्पूने तिच्या त्वचेचं नैसर्गिक आवरण निघून जातं आणि खाज वाढते.

डॉक्टरांना सांगून पारदर्शक चिकटपट्टीची तपासणी करून घ्या. काखेत किंवा बोटांमध्ये पट्टी दाबून, रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की यीस्ट आहे, जिवाणू आहेत की दोन्ही, हे तिथल्या तिथे दिसतं. ही तपासणी न करता खाजेसाठी नुसतं स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं आम्हाला पटत नाही. आठवडाभर खाज थांबते, संसर्ग तसाच राहतो आणि पुढच्या वेळी जास्त जोमाने उठतो.

यीस्ट निघालं तर क्लोरहेक्सिडिन २ टक्के आणि मिकोनॅझोल २ टक्के असलेला कुत्र्यांचा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. नंतर आठवड्यातून एकदा, पुढे पंधरवड्याला. ‘दोनदा तर मीही घालतेच’ असं म्हणाल. फरक पद्धतीत आहे. आधी कोरड्या अंगावर ब्रशने आतल्या थराचे सुटे केस काढा, नाहीतर शाम्पू कातडीपर्यंत पोचतच नाही. बाथरूमच्या फरशीवर रबरी मॅट किंवा जुना ओला टॉवेल अंथरा. पाय घसरला की म्हातारं कुत्रं पुढच्या वेळी दारातच बसकण मारतं. दोन्ही कानांच्या तोंडाशी कापूस ठेवा आणि किती बोळे ठेवले ते लक्षात ठेवा. कोमट पाणी कातडीपर्यंत मुरेस्तोवर ओता. शाम्पूची सुरुवात पाठीवरून नको. पंजे, काखा, जांघा, मान, शेपटीचं मूळ या जागा आधी. डोळ्यांत अजिबात जाऊ देऊ नका, क्लोरहेक्सिडिनने डोळ्याच्या बुबुळाला इजा होते.

सगळीकडे लावून झाल्यावर घड्याळ लावा: पूर्ण १० मिनिटं. इथेच बहुतेकांचं औषध फुकट जातं. दोन मिनिटांत धुतलेला औषधी शाम्पू साध्या साबणाइतकंच काम करतो. त्या दहा मिनिटांत हाताने हळूहळू चोळत राहा, ती कंटाळली तर पंजे बादलीतल्या फेसात ठेवू द्या. नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत धुवा. पोटाखाली आणि बोटांमध्ये उरलेला शाम्पूही खाज आणतो.

वाळवणं हा आंघोळीचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो आळसावर सोडता येत नाही. टॉवेल घासू नका, दाबून पाणी टिपा. दोन-तीन टॉवेल लागतील. मग टेबल फॅनसमोर, किंवा ड्रायर गार वाऱ्यावर ठेवून, केस उलटे फिरवत कातडी दिसेल असा वारा द्या. शेवटी काख, जांघ, शेपटीचं मूळ आणि बोटांच्या फटी हाताने चाचपून बघा. तिथे गारवा लागला तर ती अजून ओली आहे. एवढं करायला वेळ नसेल त्या दिवशी आंघोळ घालू नका. पावसात फिरून आल्यावरही आंघोळ नकोच. पंजे आणि पोट पुसून कोरडे करा, क्लोरहेक्सिडिनचे वाइप्स मिळतात, ते बोटांमध्ये फिरवा.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना विचाराच: आयुष्यभर कातडी चांगली असलेल्या कुत्रीला अकराव्या वर्षी यीस्ट का झालं? कमी खाऊनही वजन वाढतंय, सुस्ती आहे, दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ झालेत, शेपटीचे केस गेलेत, असं असेल तर थायरॉइडचा संशय घ्यावा. इथे घाई करू नका. दुसरा आजार चालू असताना थायरॉइडचा आकडा खोटाच कमी येऊ शकतो. संसर्ग शांत झाल्यावर तपासणी करा आणि एकट्या टी-४वर, म्हणजे थायरॉइडच्या एकाच संप्रेरकाच्या आकड्यावर, निकाल लावू नका. पाणी जास्त, भूक जास्त आणि पोट लोंबलेलं असेल तर कुशिंग पाहावं लागतं.

कान आणि पंजे सहसा एकाच दुखण्याची दोन टोकं असतात. डोकं झटकते म्हणजे कानात काहीतरी आहेच. तपकिरी, मेणचट मळ आणि आंबूस वास असेल तर यीस्ट. पिवळा-हिरवा पू आणि सडका वास असेल तर जिवाणू, आणि ते प्रकरण जास्त चिवट. घरात पडलेले जुने थेंब घालू नका. कानाचा पडदा शाबूत आहे का हे आधी यंत्राने पाहून घ्यावं लागतं. पडदा फाटलेला असताना काही औषधं आतल्या कानापर्यंत जाऊन बहिरेपणा आणू शकतात. पडदा ठीक आहे असं कळल्यावर कानाचा क्लीनर नळी भरेल इतका ओता, कानाच्या बुडाशी बाहेरून अर्धा मिनिट चोळा, पचपच आवाज आला पाहिजे. मग तिला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाने पुसा. हे गॅलरीत करा, भिंतीवर शिंतोडे उडतात. कानकोरणी, इअरबड, हायड्रोजन पेरॉक्साइड, कोमट तेल, सगळं बाद. बडने मळ आत ढकलला जातो, बाहेर येत नाही. डोकं एका बाजूला कलतंय किंवा चालताना तोल जातोय, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

तोंडाकडे वळू, कारण म्हाताऱ्या कुत्र्याच्या वासात सगळ्यात जास्त दुर्लक्षित भाग हाच. कुत्रं तोंडाने अंग चाटतं, त्यामुळे दातांचा वास पुढच्या पायांवर, छातीवर, गादीवर पसरतो आणि आपण अंग धूत बसतो. तिचा ओठ वर उचलून वरच्या जबड्यातला मागचा सर्वांत मोठा दात बघा. त्यावर पिवळा-तपकिरी दगडासारखा थर, हिरडीच्या कडेला लाल रेघ, किंवा दाताला उभी चीर दिसेल. एका बाजूने चावते म्हणजे दुसरी बाजू दुखतेय. कुत्री खाणं सोडत नाहीत, दुखऱ्या दातानेही जेवतात. ‘जेवते ना नीट’ हा दात चांगले असल्याचा पुरावा नाही. डोळ्याखाली सूज आली तर ती बहुधा त्याच दाताच्या मुळाशी झालेल्या गळवाची.

अशा तोंडात आत्ता ब्रश घालू नका. दुखलं की तिला ब्रशची जन्माची धास्ती बसेल. आधी भूल देऊन दात साफ करून घ्या. ‘भूल न देता स्केलिंग’ अशी जाहिरात दिसते, ती टाळा. त्यात दिसणारा थर निघतो, दात पांढरे दिसतात, पण रोग हिरडीच्या खाली असतो आणि जागं कुत्रं तिथे हत्यार घालू देत नाही. वयाची भीती रास्त आहे, पण नुसतं वय हे भूल नाकारायचं कारण नाही. आधी रक्ताची तपासणी (पेशी, क्रिएटिनिन, यकृत, साखर), हृदयाची तपासणी, भुलीच्या वेळी सलाईन आणि श्वासनळीत नळी, एवढं विचारून घ्या. नळी यासाठी, की स्केलिंगचं पाणी फुप्फुसात जाऊ नये. दातांचे एक्स-रे काढणार का, दात काढावे लागले तर किती वाढतील, हे सगळं धरून खर्चाचा अंदाज लेखी मागा. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, चौकशी करून बघा. तोंड उघडलंच आहे तर जीभ, टाळू, हिरड्यांवर गाठ आहे का तेही बघायला सांगा. म्हाताऱ्या कुत्र्यांत तोंडातल्या गाठी असतात, आणि पुष्कळदा पहिली खूण वास हीच असते.

साफसफाईनंतर हिरड्या भरल्या की ब्रश सुरू करा. पहिले काही दिवस नुसतं बोट, मग बोटाला गुंडाळलेलं सुती कापड, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. दातांची बाहेरची बाजूच घासा, आतून जीभ काम करते. रोज केलं तर उत्तम, कारण मऊ थर दोन-तीन दिवसांतच कडक व्हायला लागतो आणि मग ब्रशने निघत नाही. पेस्ट कुत्र्यांचीच हवी. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं आणि काहींमध्ये झायलिटॉल, जे कुत्र्यांना विषारी आहे. कच्ची हाडं, शिंगं चघळायला देऊ नका. तिच्या वयात दात तुटतो आणि दुखणं नव्याने सुरू होतं.

बोंबलाचा भपकारा गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या ग्रंथींचा. घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी त्या असतात. एरवी घट्ट शी होताना त्या दाबल्या जाऊन रिकाम्या होतात. शी सैल असेल, वजन जास्त असेल आणि स्नायू ढिले असतील तर त्या भरून राहतात आणि उठता-बसता गळतात. डॉक्टरांकडून एकदा रिकाम्या करून घ्या. दर आंघोळीला ग्रूमरकडून पिळून घेण्याची पद्धत चुकीची आहे. गरज नसताना पिळलं की ग्रंथी सुजतात आणि तोंड आकसतं. घरी उपाय शी घट्ट आणि जाड ठेवण्याचा. दिवसाला तीन-चार मोठे चमचे उकडलेला लाल भोपळा, मीठ-फोडणी काही नको. किंवा एक छोटा चमचा इसबगोल अर्धी वाटी पाण्यात भिजवून जेवणात. कोरडं इसबगोल देऊ नका. दूध देत असाल तर बंद करा, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांना ते बहुधा पचत नाही, शी सैल होते आणि पोटात वायू धरतो. त्या जागी लाल, गरम फुगा दिसला तर गळू आहे. एका बाजूला कडक गाठ लागली आणि पाणीही खूप पीत असेल तर ती बाब गंभीर, कारण तिथल्या एका कर्करोगात रक्तातलं कॅल्शियम वाढून तहान वाढते.

आता ओली गादी. पिशवी काढलेल्या मोठ्या जातीच्या कुत्रींमध्ये झोपेत लघवी गळणं नेहमीचं आहे. तिला ते कळतही नाही, म्हणून रागावू नका. आधी लघवीची तपासणी. सकाळी पहिल्यांदा बसेल तेव्हा आमटीचा लांब दांड्याचा स्वच्छ डाव मागून अलगद पुढे सरकवा, सुरुवातीची धार सोडून मधली घ्या. दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी द्या. जंतुसंसर्ग निघाला तर त्याचा उपचार. नाहीच निघाला तर स्नायू आवळणारी औषधं आहेत, पण रक्तदाब पाहून डॉक्टरांनीच द्यायची. पाणी तोडू नका, म्हाताऱ्या मूत्रपिंडांना ते महागात पडतं.

दोन गोष्टी डॉक्टरांच्या नजरेतून सुटू शकतात. पहिली, लघवीच्या जागेभोवतीची घडी. जाड कुत्रीमध्ये तिथे चरबीची झालर येते, आत लघवी अडकते, कातडी लाल आणि चिकट होते, आणि अख्ख्या कुत्रीला मुतारीचा वास लागतो. घडी उघडून बघा. तिथले केस कापून घ्या, दिवसातून दोनदा वाइपने पुसून कोरडं करा. वजन उतरलं की ही घडीच सपाट होते. लॅब्राडॉर मादीला ३६ किलो जास्तच आहे. आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम उतरवायचं, त्याहून घाई नको. दुसरी गोष्ट तुमचे दोन मजले. मागचे पाय दुखत असतील तर जिना टाळण्यासाठी ती लघवी धरून ठेवते आणि झोपेत सुटते. पोटाखालून पंचा किंवा जुना टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरत उतरवा, आणि दिवसातून निदान चार-पाच वेळा, झोपण्याआधी शेवटची फेरी धरून, संधी द्या. जमत नसेल तर गॅलरीत नकली गवताचा ट्रे ठेवायची सवय लावा. सांधेदुखीवर डॉक्टरांचंच औषध, घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अजिबात नाही.

पावसाळ्यात आणखी एक भीती असते ती अळ्यांची. ओल्या, गुंतलेल्या केसांत किंवा लघवीने भिजलेल्या जागी माश्या अंडी घालतात आणि चोवीस तासांच्या आत अळ्या होऊ शकतात. कुजक्या मांसाचा वास अचानक आला, एकच जागा सारखी चाटतेय असं दिसलं, तर केस बाजूला करून टॉर्चने बघा, विशेषतः शेपटीखाली आणि कानामागे. छोट्या भोकातून वळवळ दिसली तर तडक दवाखाना. त्यावर फिनाइल, रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन ओतण्याची जुनी सवय आहे. त्याने कातडी भाजते आणि चाटलं तर विषबाधा होते.

पावडर, परफ्यूम, टी ट्री तेल, कापूर, डेटॉलचं पाणी, सगळं कपाटात ठेवून द्या. ती अंग चाटते, तेव्हा अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. टी ट्री तेल आणि कापूर थोडेही घातक ठरू शकतात. फरशी फिनाइलने पुसत असाल तर ती पूर्ण वाळेपर्यंत तिला त्यावर झोपू देऊ नका, पोटाची आणि कोपराची कातडी जळजळते. लघवीचे डाग अमोनिया असलेल्या क्लीनरने पुसू नका, कुत्र्याला तो वास लघवीचाच वाटतो आणि ती तिथेच पुन्हा बसते. एन्झाइमचा क्लीनर ओतून डाग भिजू द्या, लगेच पुसू नका, डबीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा. आपण पुसून टाकतो म्हणून तो ‘काम करत नाही’.

गादी बदला. फोमची गादी एकदा लघवी प्यायली की धुऊन सुटत नाही. जाड गोधडी, त्यावर रेक्झिन, त्यावर सुती चादर. चादर रोज बदला, आठवड्याला सगळं ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. पावसात चादरी वाळत नाहीत, म्हणून निदान चार जोड ठेवा. अर्धवट वाळलेली चादर अंथरणं म्हणजे पहिल्या दिवसापासून कुबट वासाची सोय.

गॅलरीचं म्हणाल, तर पावसाळ्यात तिथे ओल जास्त, माश्या जास्त, आणि वास कधी वाढला हेही तुम्हाला कळणार नाही. हॉलमध्येच, पंख्याखाली, भिंतीपासून थोडी लांब तिची जागा करा आणि सोफ्यावर धुता येईल असं कव्हर घाला. डॉक्टरांकडे एकाच खेपेत जा: कापसाच्या पिशव्यांवरची नोंद, पाण्याचा आकडा आणि लघवीचा नमुना घेऊन, कातडी आणि कानाची सूक्ष्मदर्शक तपासणी, ग्रंथी, तोंड आणि रक्त तिथेच उरकून येईल. ग्रंथींचा वास रिकाम्या केल्याच्या दिवशीच जातो. कातडी आणि कानाचा दोन-तीन आठवड्यांत उतरायला हवा. नाही उतरला तर शाम्पू बदलत बसू नका, तपासणी पुन्हा करा. तोंडाचा वास दात साफ होईपर्यंत राहणार, तेवढं सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.